पक्ष्याचा फोटो कुठे कापायचा?

थंडीतल्या रविवारी सकाळी इंदूरच्या धार रोडवरच्या सिरपूर तलावाच्या पाळीवर दहा-बारा कॅमेरे सहज दिसतात. फोटो काढून झाला की प्रत्येक जण मान खाली घालून एकच गोष्ट करतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करत जातो, पक्षी पडदाभर होईपर्यंत. घरी कॉम्प्युटरवर क्रॉप करताना हीच सवय कामाला लागते. पक्ष्याभोवती चौकट घट्ट आवळली जाते, बाकी सगळं फेकलं जातं. फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच, आणि बिघडले आहेत हे लक्षातही येत नाही, कारण पक्षी तर मोठा दिसत असतो.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाचीनं मला खंड्याचा फोटो पाठवला. छोटा निळा खंड्या, चिमणीएवढाच. फोटोत खंड्या होता, त्याच्या पायाखाली फांदीचा एक तुकडा होता, बस. चोच डाव्या कडेला जवळजवळ टेकलेली. "मावशी, कसा आलाय?" रंग छान होते, डोळा लखलखीत होता, तरी पक्षी पेटीत कोंबल्यासारखा वाटत होता. मी तिला म्हटलं, मला मूळ फोटो पाठव, न कापलेला.

मूळ फोटो बघितला आणि जीव हळहळला. खंड्या पाण्यावर जेमतेम चार बोटं उंचीवरच्या वाळक्या फांदीवर बसला होता. पाणी स्थिर होतं आणि खाली त्याचं अख्खं प्रतिबिंब पडलं होतं. तो सरळ समोर बघत नव्हता, खाली डावीकडे पाण्यात बघत होता. तो सूर मारायच्या बेतात होता. तिच्या क्रॉपमध्ये पाणी नव्हतं, प्रतिबिंब नव्हतं, आणि तो कशाकडे बघतोय तेही नव्हतं. उजव्या बाजूला एक गंजका लोखंडी खांब अर्धवट आला होता, तो काढायच्या नादात तिनं बाकीचंही काढून टाकलं होतं.

त्या फोटोवर आम्ही दोघींनी फोनवर अर्धा तास घालवला. त्या अर्ध्या तासात बोललो तेच इथे जरा विस्तारानं मांडते.

एकेका कडेला विचारा

चौकटीला चार कडा असतात. क्रॉप करताना आपण चारही एकदम ओढतो, म्हणून गोंधळ होतो. एकेक कड वेगळी घ्यायची आणि तिला विचारायचं, तू इथेच का थांबलीस? उत्तर मिळालं तर ठेवायची, नाही तर हलवायची.

खंड्याच्या फोटोत डाव्या कडेपासून सुरुवात केली. तो डावीकडे बघतो आहे, म्हणजे त्या बाजूला जागा हवी. नजरेपुढे मोकळी जागा सोडावी हे सगळेच सांगतात, पण का, ते क्वचित सांगितलं जातं. फोटो बघणाऱ्याची नजर आधी पक्ष्याच्या डोळ्यावर जाते आणि तिथून पक्षी जिकडे बघतोय तिकडे वळते. तिथे लगेच कड आली तर नजर आपटून परत येते. मागे, शेपटीकडे, रिकामी जागा जास्त असेल तर नजर तिकडे भरकटते आणि तिथे तिला काही सापडत नाही. खंड्याच्या बाबतीत नजर खालीही जात होती, म्हणून नुसती डावीकडे जागा सोडून भागणार नव्हतं, ती खाली डावीकडे हवी होती.

मग खालची कड. प्रतिबिंब ठेवायचं तर पूर्ण ठेवायचं, त्याच्या डोक्याखालीही दोन बोटं पाणी राहू द्यायचं. ठेवायचं नसेल तर पाण्याच्या रेषेच्या थोडं खाली स्वच्छ कापायचं. मधल्यामध्ये, प्रतिबिंबाच्या मानेवर कापलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. उजवी कड खांबाच्या आत आली, तो प्रश्न सोपा होता. वरच्या कडेला काहीच सांगायचं नव्हतं. वर नुसती धूसर हिरवळ होती, म्हणून ती डोक्यापासून थोडी वर, खालच्या जागेपेक्षा कमी अंतरावर ठेवली.

असं करता करता आडवा फोटो उभा झाला. भाची म्हणाली, "पण पक्षी लहान झाला ना!" झाला. पण आता तो काहीतरी करत होता.

पिक्सेलचा हिशोब

आता थोडं गणित. हे नीट समजलं की किती कापता येईल याचा अंदाज बांधावा लागत नाही, तो मोजता येतो.

24 मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे 6000 पिक्सेल रुंद आणि 4000 उंच फोटो. रुंदी अर्धी आणि उंचीही अर्धी केली तर उरतात 3000 गुणिले 2000, म्हणजे 6 मेगापिक्सेल. अर्धं कापलं असं आपल्याला वाटतं, खरं तर तीन चतुर्थांश फोटो गेलेला असतो. एक तृतीयांश रुंदी-उंची ठेवली तर नववा भाग उरतो, पावणेतीन मेगापिक्सेलपेक्षाही किंचित कमी.

भाचीकडे 400 मिलिमीटरची लेन्स आहे आणि एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा. सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप, आणि एपीएस-सी हा तिचा एक लहान आकार. अशा सेन्सरची रुंदी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते. पक्षी वीस मीटरवर असेल तर त्या अंतरावर फोटोत साधारण 1 मीटर 17 सेंटीमीटर रुंदीचं दृश्य मावतं. खंड्याची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण साडेसोळा सेंटीमीटर. त्रैराशिक मांडा: 6000 पिक्सेलच्या रुंदीत खंड्याच्या वाट्याला साडेआठशेच्या आसपास पिक्सेल येतात. एवढ्या महागाची लेन्स घेऊनही पक्ष्याच्या अंगावर फक्त साडेआठशे!

तिचा पहिला क्रॉप होता हजार गुणिले हजार, म्हणजे जेमतेम एक मेगापिक्सेल. फोनवर ठीक दिसेल. छापायचा म्हटला तर, चांगल्या छपाईला इंचामागे 300 पिक्सेल लागतात असं धरलं, तर तो साडेतीन इंचांचाही होत नाही. आमचा उभा क्रॉप 2400 गुणिले 3000 झाला. तो 8 गुणिले 10 इंचांचा बरोबर छापता येतो, पिक्सेल न वाढवता. पक्ष्याच्या अंगावरचे पिक्सेल दोन्ही क्रॉपमध्ये तेवढेच आहेत. फरक भोवतालचा आहे. मोठ्या क्रॉपमध्ये पक्षी कागदावर लहान छापला जातो, म्हणून कुरकुरीत दिसतो. लहान क्रॉप तेवढ्याच कागदावर ताणला की त्याच पिसांचा चिखल होतो.

पक्षी चाळीस मीटरवर असता तर त्याच्या अंगावर सव्वाचारशे पिक्सेल आले असते. तेव्हा तो रुंदीच्या एक तृतीयांश दिसेल असा क्रॉप केला तरी सगळा फोटो पावणेतेराशे पिक्सेल रुंद. अशा वेळी पक्षी मोठा करायचा नाद सोडावा आणि फोटो तलावाचा करावा, ज्यात एका फांदीवर खंड्या आहे. मला असे फोटो मनापासून आवडतात. पक्ष्याला जग असतं हे त्यात दिसतं.

कापण्यानं आणखी एक गोष्ट होते. उरलेला भाग पुन्हा त्याच पडद्यावर मोठा करून बघितला जातो, म्हणून अंधुक उजेडात जास्त आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता वाढवून, काढलेल्या फोटोतला रवाळपणा, म्हणजे नॉईज, वर येतो. फोकस डोळ्याऐवजी पंखावर लागला असेल तर तेही उघडं पडतं. म्हणून जोरात कापण्याआधी फोटो शंभर टक्के आकारात उघडून डोळा बघा. डोळा तीक्ष्ण नसेल तर घट्ट क्रॉप करू नका. लांबून, मोकळा ठेवलेला तोच फोटो बरा दिसेल. हल्ली सॉफ्टवेअर लहान फोटो मोठा करून देतात, पण तेव्हा नवी पिसं अंदाजानं रचली जातात. शोभेच्या फोटोत ते चालेल. ओळख पटवण्यासाठी किंवा नोंदीसाठी तसा फोटो मी कधीच देत नाही, कारण भुवईची रेघ किंवा पंखावरचा पट्टा यांवरच कधी कधी जात ठरते.

बाबांच्या दोन पट्ट्या

माझे बाबा चित्रकला शिकवायचे. या गावाला चित्रकलेची जुनी परंपरा आहे. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे 1910 साली इंदूरलाच जन्मले आणि कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली इथेच शिकले. बाबांच्या टेबलाच्या खणात काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या असायच्या. दोन पट्ट्या एकमेकींवर उलट्या ठेवल्या की चौकट तयार होते. ती लहान-मोठी, उभी-आडवी, लांबट-चौकोनी हवी तशी करता येते. बाबा मुलांना चित्रावर, छापील फोटोवर, खिडकीच्या काचेवरसुद्धा त्या पट्ट्या फिरवायला लावायचे.

मी अजून तसंच करते. महत्त्वाचा फोटो असेल तर साध्या कागदावर छापते आणि पट्ट्या फिरवते. पडद्यावर माऊसनं कोपरा ओढताना कापला जाणारा भाग लगेच काळवंडतो आणि आपण त्याला विसरतो. पट्ट्यांमध्ये बाहेरचा भागही डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत राहतो, म्हणून आपण काय गमावतोय ते कळतं. पाच मिनिटं पट्ट्या फिरवल्यावर कधी कधी असा क्रॉप सापडतो, ज्याचा विचारही मनात नव्हता.

तिसऱ्या हिश्शाच्या नियमाबद्दल इथेच बोलून घेते. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करा, रेषा जिथे छेदतात तिथे मुख्य गोष्ट ठेवा. हा नियम नावानिशी सांगितला तो जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं, 1797 मध्ये, आणि त्याच्या डोळ्यांपुढे निसर्गदृश्यं होती: किती आकाश, किती जमीन, किती उजेड, किती सावली. पक्ष्यांच्या फोटोत तो उपयोगी पडतो याचं कारण साधं आहे. कॅमेऱ्यात आपण बहुतेक वेळा मधल्या बिंदूवर फोकस करतो, म्हणून पक्षी मधोमध येतो, आणि नियम त्याला मधून हलवतो. पण छेदबिंदूवर पक्ष्याचं पोट ठेवलेले फोटो खूप दिसतात. तिथे डोळा हवा. बगळ्यासारख्या लांब मानेच्या पक्ष्यात डोळा आणि पोट यांत केवढं अंतर पडतं! आणि पक्षी थेट आपल्याकडे बघत असेल, किंवा प्रतिबिंबासह फोटो वर-खाली अगदी सारखा असेल, तर निःशंकपणे मधोमध ठेवा.

सारस

इंदूरचं पाणी साठवणारा यशवंत सागर गंभीर नदीवर आहे. सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्हींना 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. यशवंत सागरच्या परिसराला महत्त्व आहे ते मुख्यतः सारसांमुळे. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सारस सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस सहा फुटांपर्यंत भरतो.

सारस क्रॉप करायला सर्वांत अवघड पक्षी आहे असं माझं मत. उंच आणि निरुंद पक्षी, म्हणून हात आपोआप उभ्या चौकटीकडे जातो. पण सारस बहुधा जोडीनं असतात आणि दोघांमधलं अंतर हाच फोटोचा विषय असतो. जोडी एकत्र साद घालते तेव्हा दोघं चोची आकाशाकडे करतात, नर पंख उचलतो, आणि नराच्या एका सादेला मादी दोनदा उत्तर देते. अशा क्षणाचा फोटो मिळाला तर वरच्या कडेला सढळ हातानं जागा सोडा. आवाज वर चालला आहे, चोचीच्या टोकाला कड चिकटवली तर तो तिथेच दाबला जातो.

मी एकदा गव्हाच्या शेताच्या कडेनं चाललेल्या जोडीचा फोटो काढला. तीन क्रॉप केले. पहिल्यात दोघं उभ्या चौकटीत घट्ट, लाल माना ठसठशीत. दुसऱ्यात आडवी चौकट, दोघांपुढे मोकळं शेत. तिसऱ्यात अख्खा फोटो लांब पट्टीसारखा, 16:9, सारस डाव्या टोकाला अंगठ्याएवढे, उजवीकडे दूर विजेचा टॉवर आणि त्यामागे घरं. सर्वांना पहिला आवडला. मला तिसरा महत्त्वाचा वाटतो. सारस शेतात राहतो, माणसाच्या शेजारी राहतो आणि तिथेच त्याची जागा कमी होते आहे. टॉवर कापून टाकला की फोटो सुंदर होतो आणि ही गोष्ट त्यातून नाहीशी होते. घट्ट क्रॉप चुकीचा असतो असं नाही, त्याला सांगायचं ते वेगळं असतं. आपण काय सांगतो आहोत हे ठरवल्याशिवाय चौकट ओढायला बसू नये, एवढंच.

पाय, पंख आणि शेपूट

पक्ष्याचा एखादा भाग कापायचाच असेल तर ठामपणे कापा. पंखाचं टोक अर्ध्या इंचानं तुटलं की ती चूक दिसते. पंख मध्यापासून गेला आणि चौकटीत फक्त डोकं, मान, खांदा राहिला तर तो निर्णय दिसतो.

सांध्यावर कापणं टाळा. बगळ्याच्या किंवा शेकाट्याच्या पायाच्या मध्यावर मागे वळणारा जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. तो खरं तर घोटा असतो, गुडघा वर पिसांत दडलेला असतो. चौकट नेमकी त्या घोट्यावर आली की पक्षी कुबड्यांवर उभा असल्यासारखा दिसतो. पाय पाण्यात बुडालेले असतील तर काळजी नाही, ते पाण्यानंच कापलेले असतात. मात्र पाण्याची ती रेषा आणि तिच्याभोवतीची वर्तुळं चौकटीत राहू द्या.

कमळपक्ष्याच्या फोटोत पाय कापणं म्हणजे अन्यायच. त्याची लांबच लांब बोटं पानांवर वजन पसरवतात, म्हणून तर तो तरंगत्या पानांवरून चालतो. पानं आणि बोटं काढली की उरते एक साधी पाणकोंबडी.

शेपटीबद्दल एक अनुभव सांगते. स्वर्गीय नर्तक हा आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी, इथे त्याला दूधराज म्हणतात. पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या नराच्या शेपटीची दोन पिसं शरीराहून कितीतरी लांब, फितीसारखी. असा फोटो मला आयुष्यात एकदाच नीट मिळाला, उभा, शेपटीचं टोक खालच्या कडेपासून थोडंसंच वर. बहिणीला भेट द्यायला तो 8 गुणिले 10 इंचांत छापायला टाकला. फ्रेम होऊन हातात आला तेव्हा शेपटीची टोकं नव्हती.

चूक कुठे झाली ते समजून घ्या, कारण ती कुणाचीही होऊ शकते. अशा कॅमेऱ्याचा फोटो बहुधा 3:2 प्रमाणात असतो. 8 इंच रुंदीला त्याची उंची 12 इंच येते. कागद 10 इंचांचा. दोन इंच कुठून तरी जाणारच, आणि छापणाऱ्यानं वर-खाली सारखे कापले. म्हणून छापायला देण्याआधी कागदाचं प्रमाण विचारा आणि त्या प्रमाणात क्रॉप स्वतः करून द्या. 4 गुणिले 6 आणि 8 गुणिले 12 मध्ये 3:2 चा फोटो पूर्ण मावतो. 5 गुणिले 7 मध्ये थोडा कापला जातो, 8 गुणिले 10 मध्ये बराच. इन्स्टाग्रामवर उभा 4:5 चालतो, तेच 8 गुणिले 10 चं प्रमाण. आडव्या 6000 गुणिले 4000 च्या फोटोतून उभा 4:5 काढायचा तर जास्तीत जास्त 3200 गुणिले 4000 मिळतो, म्हणजे जवळजवळ अर्धा फोटो सोडावा लागतो. पक्षी उभा बसला असेल तर कॅमेराच उभा धरा.

आधी सरळ, मग काप

फोटो तिरका असेल तर तो आधी सरळ करा. फिरवल्यानं कोपरे आपोआप कापले जातात. 3:2 चा फोटो फक्त 3 अंशांनी फिरवला तरी त्याच प्रमाणात क्रॉप ठेवताना क्षेत्रफळाचा साधारण सातवा भाग जातो. आधी घट्ट क्रॉप करून मग फिरवलं तर चोच किंवा पंख बाहेर जातो.

सरळ कशावरून ठरवायचं? तलावाचा काठ फसवतो. काठ आपल्यापासून दूर तिरका जात असेल तर तो फोटोत तिरकाच दिसला पाहिजे. तो आडवा करायला गेलात तर पाणी कलतं. विश्वास ठेवावा प्रतिबिंबावर. स्थिर पाण्यात पक्ष्याचा डोळा आणि प्रतिबिंबातला डोळा एकाच उभ्या रेषेवर असतात. शेकाट्याचा डोळा आणि खालचा डोळा यांना जोडणारी रेषा उभी झाली की फोटो सरळ झाला, काठ काहीही सांगो. लाईटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ करण्याच्या पट्टीनं ही रेषा ओढता येते. तिथेच क्रॉप करताना ओ हे बटण दाबत गेलात तर मार्गदर्शक रेषांचे प्रकार बदलतात आणि एक्स दाबलं तर आडवी चौकट उभी होते.

उडत्या पक्ष्याच्या फोटोत लोक मुद्दाम फोटो फिरवून पक्षी सूर मारतोय असं भासवतात. मागे नुसतं आकाश असेल तर ते कुणाला कळत नाही. मला ते पटत नाही. घार कलून वळत होती तर ती तशीच दाखवावी.

उडणाऱ्यांच्या पुढे जागा सोडायची हे आलंच. हळदीकुंकू बदकांची जोडी उडताना दोघांतलं अंतर मात्र तसंच ठेवा आणि चौकट दोघांना मिळून एक पक्षी समजून ठरवा. थवा असेल तर कडेवरचे पक्षी तपासा. अर्धा कापलेला एक पक्षी पन्नास पूर्ण पक्ष्यांवरचं लक्ष खेचतो. पुढे जागा सोडण्याच्या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. मार्चमध्ये परतीला निघालेले पक्षी चौकटीच्या कडेजवळ आणि मागे रिकामं आकाश ठेवलं, तर ते निघून चाललेत हे न सांगता कळतं.

शेवटी कडांवरून एकदा सावकाश नजर फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी, कोपऱ्यातून कोपऱ्यात. चमकणारं पान, पाण्यावरचा प्लास्टिकचा तुकडा, कडेतून आत घुसलेली अर्धी काडी. नजर उजळ गोष्टीकडे आधी पळते, आणि ती कडेला असेल तर तिथूनच फोटोबाहेर जाते. अशा एका पानापायी कड पाच-दहा पिक्सेल आत घेतली की फोटो शांत होतो.

दोन पावलं मागे

आज क्रॉपची सोय आहे याचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो हा की पक्ष्याच्या जवळ जायची गरज कमी होते. चाळीस मीटरवर निवांत चरणारा सारस वीस मीटरवर मान ताठ करतो आणि पिलं असतील तर ती गवतात दडतात. मग फोटोत पक्षी मोठा येतो, पण घाबरलेला येतो. थोडे पिक्सेल कमी पडले तरी चालतील, पक्षी आपलं काम करत राहिला पाहिजे.

घरट्याचा फोटो टाकू नका असं मी सांगत असते. त्यावर "झाड क्रॉप केलंय, जागा कळणार नाही" असं उत्तर मिळतं. कळू शकते. फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात जीपीएस चालू असेल तर जागेचे आकडे फाईलमध्येच लिहिलेले असतात आणि क्रॉप केल्यानं ते पुसले जात नाहीत. ते वेगळे काढावे लागतात.

आणि मूळ फाईल कधीही पुसू नका. लाईटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप ही फक्त एक नोंद असते, मूळ फोटो तसाच राहतो आणि चौकट केव्हाही पुन्हा उघडता येते. फोनवर क्रॉप करून त्याच जेपेगवर सेव्ह केलं तर बाहेरचा भाग परत मिळेलच याची खात्री नसते, म्हणून आधी प्रत काढून ठेवायची.

मी चार वर्षांपूर्वी सिरपूरला जांभळ्या पाणकोंबडीचा एक फोटो काढला होता, चौकोनी कापून भिंतीवर लावलाही होता. भाचीला हे सगळं समजावताना उदाहरणासाठी तो उघडला आणि क्रॉप मोकळा केला. डाव्या कोपऱ्यात, वेताच्या सावलीत, एक टिबुकली पोहत होती. इतकी वर्षं ती चौकटीबाहेर होती. भाचीनं तिकडे नेऊन फोटो मोठा केला आणि म्हणाली, "मावशी, हिच्या पाठीवर बघ." पिसांमधून एक पट्ट्यापट्ट्यांचं इवलंसं डोकं बाहेर आलं होतं. टिबुकल्या पिलांना पाठीवर घेऊन पोहतात. मला तो फोटो हवा होता आणि तो माझ्याकडेच होता. तिच्यापुढे थोडं पाणी ठेवून आम्ही नवी चौकट ओढली. साडेपाचशे पिक्सेल रुंद, छापता येणार नाही इतका लहान.